दोन नारळांची चटणी

दारव्ह्याजवळच्या त्या गावात फुटबॉलच्या फायनलला जिंकणाऱ्या कोचला फेटा बांधत आणि हरणाऱ्याला नारळ देत. एका वर्षी नारळ वामनराव गुरुजींना मिळाला, पुढच्या वर्षी त्यांच्या जागी आलेल्या रहेमानभाई मेकॅनिकला. नारळ घरी नेला तर बायको हसेल म्हणून रहेमानभाईंनी तो शेजारी गुरुजींच्या ओट्यावरच ठेवला. त्यामुळे दोन्ही वर्षी चटणी वाटली ती गुरुजींच्या विजयमालाबाईंनी.

यंदाचा कोच कोण, हे पोरांनी त्या दोघांवरच सोडलं. दोघं रोज संध्याकाळी त्याच ओट्यावर भांडत.

"माह्या पोरायनं आख्ख्या स्पर्धेत एक गोल खाल्ला नाही. पेनल्टीत गेलो," वामनराव म्हणत.

"मारला बी कुठं, गुरुजी? माह्यावाल्यायनं फायनलमंदी चार मारले."

"अन् पाच खाल्ले!"

विजयमालाबाई तूर निवडत ऐकत. त्यांनी फुटबॉल कधी पाहिला नव्हता, पण चटणी दोन्ही वर्षी सारखीच लागली होती.

शेवटी त्या म्हणाल्या, "यायनं गोल अडवाले शिकवावं, रहेमानभाऊ, तुमी माराले शिकवा. अन् भांडण माह्या ओट्यावरून मैदानात न्या."

दोघं कबूल झाले. संघ पुन्हा फायनलला पोचला. एक फेटा दोन डोक्यांना कसा बांधायचा, याचीच गावात चर्चा चालली.

फायनलच्या आदल्या बाजारात विजयमालाबाईंनी मिरच्या घेतल्या, कोथिंबीर घेतली. नारळ काही घेतला नाही.