फादर नसलेला पावसाळा

आमच्या फादरांची बदली झाली आणि नवे फादर पावसाळा संपल्यावर येतील, असा निरोप आला. तोवर सावंतवाडीकडचे एक फादर जमेल तसे येऊन मिस्सा, म्हणजे फादरांनीच करायची रविवारची उपासना, करतील, बाकीचं तुम्ही सांभाळा, असं ठरलं. 'तुम्ही' म्हणजे चर्चचे एकमेव सेवक आणि मी. सेवक वर्षानुवर्षं घंटा वाजवत आलेले, आणि मी शाळेतून निवृत्त झालेली, रविवारी पेटी वाजवणारी बाई. चाव्या त्यांच्याकडे आणि वाचनं, गाणी, आजाऱ्यांच्या भेटी माझ्याकडे, अशी आम्ही वाटणी केली.

पहिले काही रविवार नीट गेले. मग एका रविवारी सकाळी सावंतवाडीकडच्या फादरांचा फोन आला. रस्त्यावर झाड पडलं होतं. "बाई, आज प्रार्थना तुम्हीच घ्या."

मला हे जमायचं नाही, असं मी सेवकांना सांगितलं. सेवक म्हणाले, "मी घंटा मारतंय. तुमी उभ्या तरी रवा."

मी फादरांच्या वेदीपाशी न जाता वाचनाच्या टेबलापाशी उभी राहिले आणि आज मिस्सा नाही, फक्त प्रार्थना होईल, असं सांगितलं. पहिल्या बाकावरचे एक म्हातारे काका उठले. जन्मभर समुद्रावर गेलेला माणूस, आवाज मोठा.

"मीस नाय तर आमी हयसर कित्याक इलंव? मी घराक जातंय."

"काका, पाऊस तरी थांबू दे," मी म्हणाले. बाहेर खरोखरच काही दिसत नव्हतं. ते कुरकुरत बसले.

त्या दिवशीचं बायबलमधलं शुभवर्तमान वादळाचं होतं. शिष्य घाबरलेत आणि येशू होडीत उशीवर डोकं ठेवून झोपलाय. वाचून झालं, आता उपदेशाची वेळ होती. उपदेश फादर करतात, मी कोण? सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी मी मनात आलं ते विचारलं, "काका, वादळात होडीत झोप लागते?"

ते जरा गडबडले. मग म्हणाले, "दमलेलो माणूस खंयय झोपता, बाई." त्यांनी पुढे सांगितलं, "आनी कोण झोपललो दिसलो काय बाकीच्यांचो जीव थाऱ्यार येता. वाटता, ह्येका झोप लागता म्हंजे आपणय वाचतलव."

मागून त्यांची बायको म्हणाली, "घरात छप्पर उडाला तरी ह्यो उठना नाय!"

सगळं चर्च हसलं. काकासुद्धा हसले. मग दुसरी एक बाई उठली आणि तिचा मुलगा तापाने फणफणला होता त्या दिवसांत शेजारीण कशी शांतपणे येऊन बसायची आणि तिला बघून आपल्याला कसा धीर यायचा, ते सांगू लागली. उपदेश असा झालाच नाही, पण पाऊस थांबल्यावरही कोणी उठलं नाही.

त्यानंतर फादर आले नाहीत त्या प्रत्येक रविवारी कोणी ना कोणी बोललं. काका नेहमी येत. माझं वाचन हळू होतं, ही त्यांची तक्रार मात्र कायम राहिली.

भातं कापणीला आली तेव्हा नवे फादर आले, तरुण आणि हसतमुख. मी सुटकेचा निःश्वास टाकून पेटीकडे वळले, तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, खाडीपलीकडच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना इथवर येता येत नाही. तिकडची प्रार्थना तुम्ही घ्याल?"

पावसाळ्यातले ते रविवार आठवून मी लगेच हो म्हटलं. आता दर आठवड्याला होडीने जाते. प्रार्थना झाली की तिथल्या बायका चहा देतात आणि लवकर सोडत नाहीत.