पाचातले तीन

"घटना लिहायची ना? मग ते तुमच्याच लोकांचं काम हो! रक्तातच आहे तुमच्या," डॉक्टर म्हणाले, आणि अख्खी खोली हसली.

नॉटिंगहॅममधलं त्यांचं घर. ऐंशीचं दशक संपत आलेलं. सोफ्यावर डॉक्टर मंडळी, त्यांच्या बायका, टेबलावर चकल्या. मी दाराजवळच्या खुर्चीत. त्यांच्याच हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स. माझ्या घरात भिंतीवर निळ्या कोटातल्या माणसाचा फोटो आहे, हे त्यांना माझ्या आडनावावरून पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या माणसाचं सगळं आयुष्य यांनी एका विनोदात गुंडाळलं. आणि मी? मीही हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

यांचं घोडं अडलं होतं ते असं. मराठी मंडळाला दर रविवारी कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, हॉल हवा होता. कौन्सिलच्या अटी दोन. मंडळाला लेखी घटना पाहिजे, आणि सभासद पुरेसे पाहिजेत. डॉक्टर लोकांना ऑपरेशनं येतात, घटना कुठली येतेय! मी मात्र तेव्हा इव्हनिंग क्लासला जात होते. सरकार आणि राजकारण हा विषय.

इंग्लंडची घटना एका कागदावर लिहिलेलीच नाही. म्हणून आमचे मास्तर अमेरिकेची घेऊन बसायचे. खाणकामगाराचा मुलगा, आवाज खणखणीत. कायदा करणारा वेगळा, राबवणारा वेगळा, न्याय देणारा वेगळा. राष्ट्राध्यक्षाने कायदा अडवला तरी दोन-तृतीयांश मतांनी तो पुन्हा पास करता येतो. वर्गातली पोरं जांभया द्यायची. मी कान टवकारून ऐकायचे. सगळी सत्ता एका हातात असली की काय होतं, हे गावकुसाबाहेर वाढलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

एकदा मास्तरांनी ते कलम सांगितलं. दक्षिणेतल्या मालकांना आपले गुलाम लोकसंख्येत मोजून हवे होते. का, तर काँग्रेसमधल्या, म्हणजे त्यांच्या संसदेतल्या, जागा वाढतात. उत्तरेवाले नको म्हणाले. मग तोडगा निघाला. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. मत एकालाही नाही. वाढलेल्या जागा मालकांच्या.

मी विचारलं, "सर, त्या पाच जणांना कुणी विचारलं होतं का?"

"नो," मास्तर म्हणाले. "नोबडी डिड."

मंडळाची घटना मी दोन महिने लिहीत होते. शिफ्टवरून आले की स्वयंपाकाच्या टेबलावर कागद पसरायचे. एका सभासदाला एक मत. अध्यक्ष दोन वर्षं, मग दुसरा. कमिटीचं काम तपासणारा कमिटीतला नको. घटना बदलायची तर दोन-तृतीयांश मतं. मराठीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटत होता. वाटायचं, आता तरी हे लोक आपल्याला आपलं म्हणतील.

डॉक्टरांनी कागद घेतले. म्हणाले, "छान! आता तुमच्या लोकांची नावंपण आणा. आकडा भरला पाहिजे."

मी आणली की! आमची नऊ घरं होती त्या भागात. एकेका दारी गेले, सह्या घेतल्या. मुलाकडे राहायला आलेल्या एक म्हाताऱ्या मावशी होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, त्यांच्यात आपल्याला घेतात का खरंच?"

"मावशी, घटना मी लिहिलीय," मी म्हटलं.

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सभा. कौन्सिलची बाई पहिल्या रांगेत बसलेली. इंग्रजी घटना मी वाचून दाखवायची असं ठरलं होतं. फोटोकॉपी हातात आली. चाळली. कलम चार माझं नव्हतंच. संस्थापक डॉक्टर मंडळींपैकी दोघांची शिफारस नसेल तो सहयोगी सभासद. सहयोगी सभासदाला मत नाही. शेवटच्या पानावर यादी. सहयोगी सभासद: आमची नऊ घरं. सगळ्यात वर माझं नाव.

डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, हे काय?

"अहो, टेक्निकॅलिटी आहे ती. कार्यक्रमाला यायला तुम्हाला कुणी अडवलंय का? आमच्यात सगळे एकमेकांना ओळखतात, एवढंच."

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्यच म्हणत होता, गरज सरो, नर्स मरो.

मला ते पाच जण दिसले. मालकांना जागा हव्या होत्या, यांना हॉल हवा होता. आकड्याला आम्ही, हात वर करायला हे. आणि नऊ घरांच्या सह्या कुणी आणून दिल्या? मी! माझ्याच पायांनी हिंडून.

मी पुढे गेले. वाचायला लागले. एक, दोन, तीन. चौथं कलम दोनदा वाचलं, सावकाश. मग मागच्या रांगेकडे बघितलं. आमची माणसं तिथे बसली होती. मराठीत सांगितलं, "यात तुम्हाला मत नाही. मलाही नाही. तुमची नावं नुसती मोजायला घेतलीत. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, माझी चूक. नावं काढायची का? हात वर करा."

पहिला हात मावशींचा. मग सगळे.

मी पेन काढलं. यादीतलं एकेक नाव खोडलं. आधी माझं. कागद कौन्सिलच्या बाईच्या हातात दिला आणि इंग्रजीत म्हटलं, "हे कलम मी लिहिलेलं नाही. या माणसांची संमती नाही. आता मोजा."

"अहो, हे काय चाललंय!" डॉक्टर ओरडले. "आपलं मंडळ आहे हे!"

वा रे वा! आता आपलं. पाच मिनिटांपूर्वी आमच्यात होतं.

पर्स उचलली. मागची रांग माझ्याबरोबर उठली. त्या दिवशी हॉल मिळाला नाही.

सोमवारी डॉक्टर वॉर्डात आले. हळूच म्हणाले, "तुम्ही चांगलं केलं नाहीत. इथेच काम करायचंय तुम्हाला."

मी हातातला चार्ट खाली ठेवला. म्हटलं, "सर, पेशंटचं काही असेल तर बोला. बाकीचं लेखी द्या."

लेखी काही आलं नाही. येणारही नव्हतं.

कुणी म्हणतं, जाऊ दे, झालं गेलं. का जाऊ दे? जिथे माझ्या माणसांना मत नाही, तिथे त्यांची नावं मोजायची नाहीत. न विचारता मोजलीत, तर मी येईन आणि भर सभेत खोडीन.