ग्राहक भांडारातली खुनाची खेळणी

आम्ही भांडारवाले कुणाच्या लग्नात भेटलो की जेवणाची पंगत उठते, आम्ही उठत नाही. एकानं सुरू केलं की दुसऱ्याला आठवतं, आणि शेवटी मांडववाला खुर्च्या गोळा करायला येतो!

आष्टी तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आमचं सहकारी ग्राहक भांडार होतं. मॅनेजर नाना, मापाड्या रज्जाकभाई, काउंटरला सुमनताई आणि मी. चौघांचंच राज्य.

एकदा गणपतीच्या आधी नानांनी पुण्याहून बाहुल्या मागवल्या. आलं भलतंच खोकं! तेव्हा टीव्हीवर खुनाच्या तपासाची एक मालिका लागायची. मोठ्या माणसांची. पोरांना आम्ही आत पिटाळायचो. कुण्या शहाण्यानं तिच्यावरच खेळणी काढली होती! प्लॅस्टिकचा इन्स्पेक्टर, दोन हवालदार, आणि पांढऱ्या चादरीखाली आडवा पडलेला एक माणूस.

सुमनताईंनी चादर उचलली आणि किंचाळल्या, "अगं बाई, हे तर मयत हाय!"

नाना शांतपणे म्हणाले, "मयत न्हाई. स्टॉक हाय."

*

पहिला सेट कॉलनीतल्या कुलकर्णीकाकूंनी नेला. गौरींपुढं आरास करायला!

हळदीकुंकवाला गेलो तर दोन्ही हवालदार महालक्ष्म्यांच्या दाराशी उभे. इन्स्पेक्टर बंदोबस्ताला. आणि मधोमध रबरी नागाच्या वेटोळ्यावर आमचा चादरवाला माणूस! शेषशायी विष्णू!

सुमनताईंनी ओठ चावत विचारलं, "काकू, देवाला चादर कावून हो?"

"क्षीरसागरात थंडी लई असती गं!"

*

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. ऊस जागेवर वाळला, मग उरलेला छावणीतल्या जनावरांनी खाल्ला. कारखान्याची चिमणी गार पडली. मळीच्या वासाला आम्ही सगळे नाकं मुरडायचो. तो वास बंद झाला तर कॉलनीत करमेना.

त्या खोक्यात तपासाची भिंगंही होती. एका दुपारी पाहते तर रज्जाकभाई पायरीवर बसून एक डोळा मिटून भिंगातून वर आभाळात बघतायत.

"रज्जाकभाई, काय बघायलेत?"

"ढग."

"दिसला का?"

"न्हाई ना बेटा. म्हटलं, बारीक असंल."

*

गिऱ्हाईक कमी झालं. दुपारी आम्ही चौघं काउंटरवर त्या मालिकेचाच एक पट मांडून बसायचो. बंगल्यात खून झालाय, फासे टाकत खोल्याखोल्यांतून फिरायचं आणि खुनी शोधायचा. खुन्याचं नाव एका पत्त्यावर. तो पत्ता आमच्या डब्यात आलाच नव्हता!

तरी खेळायचो. रोज. माळ्यावर संशय, स्वयंपाकिणीवर संशय. एकदा रज्जाकभाई वैतागले.

"खुनी न्हाई, सुरा न्हाई, मंग ह्यो मेला कशानं?"

नाना फासे हलवत म्हणाले, "पाण्यावाचून मेला असंल!"

आम्ही पोट धरून हसलो. मग बाहेर टँकरचा हॉर्न वाजला आणि चौघंही हंडे घेऊन पळालो.

आता पुण्यात माझ्या नळाला चोवीस तास पाणी आहे. दुपारी फासे टाकायला मात्र कुणी नाही.

*

पुढच्या वर्षी माणसं पांगायला लागली. रज्जाकभाईंना कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात काम लागलं.

त्यांची रेहाना आणि नानांची मीनल, दोघी पाचवीत. एका बाकावर बसायच्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या. निघायच्या सकाळी ट्रक भरून तयार, आणि या दोघी भांडाराच्या दारात उभ्या. त्याच खोक्यातल्या पत्र्याच्या बेड्या एकीच्या डाव्या हातात, दुसरीच्या उजव्या!

नाना ओरडले, "किल्ली कुठंय?"

"हरवली," मीनल म्हणाली.

"रेहाना, तू सांग!"

रेहानानं नुसती मान हलवली. डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले.

आम्ही ओटा झाडला, ट्रकखाली वाकून पाहिलं. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय. शेवटी त्याच्याकडनं पक्कड आणली. रज्जाकभाईंनी ती हातात घेतली, दोघींच्या मनगटांकडं बघितलं आणि परत देऊन टाकली.

"नाना, कडा गावापर्यंत येऊ द्या पोरीला. तिथं तोडू."

नानांनी लूना काढली आणि ट्रकच्या मागं निघाले.

सगळ्यांनी हात हलवले. सुमनताईंनी रेहानाच्या गालावरून हात फिरवला, "येते म्हण की गं!" पोरगी शब्दानं बोलली नाही. सुमनताईंना ते फार लागलं.

ऊन चढल्यावर नाना परत आले. मागं मीनल, हात मोकळा.

"पक्कडीनं तोडल्या का गं?" सुमनताईंनी विचारलं.

"न्हाई," मीनल म्हणाली. "कड्यात ट्रक थांबला, तवा रेहानानं तोंडातनं किल्ली काढली."