घड्याळवाल्यांची मुलगी सापडत नाही

माझी ताई रक्तपेढीत दात्यांची माहिती सांभाळते. शेजारणी विचारतात, "म्हणजे टायपिंगच ना?" मी उत्तर द्यायला तोंड उघडते आणि ताई मला कोपराने ढोसते. तिला भांडण नको असतं. मला असतं.

एकदा भाजी निवडता निवडता तिने मला समजावलं होतं. "बाकी ठिकाणी तक्ते असतात गं. माणसाचं नाव एका तक्त्यात, पत्ता दुसऱ्यात, नातेवाईक तिसऱ्यात. माणूस हवा असला की तुकडे जोडत बसा. आमच्या डेटाबेसमध्ये माणूस अख्खा ठेवतात. त्याची माहिती आणि त्याने करायची कामं त्याच्याच पोटात. त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. 'पुन्हा रक्त कधी देता येईल?' असं विचारलं की तो स्वतः हिशेब करून सांगतो."

"आणि नातेवाईक?"

"त्यांचा हात त्याच्या हातात दिलेला असतो. दात्याकडून त्याच्या भावाकडे, भावाकडून त्याच्या मुलीकडे, मधे नुसतं टिंब टाइप करत जायचं. दुर्मिळ गट घराण्यात चालतात ना, म्हणून आम्ही हे घेतलं. दुर्मिळ गटाच्या दात्याच्या नोंदीलाही साध्या दात्याच्या नोंदीतलं सगळं आपोआप मिळतं, वर तिचं स्वतःचं थोडं जास्त. आणि विचारायची भाषा तर अगदी सोपी. 'दात्यांच्या मुलांमधून या गटाची, अठरा पूर्ण झालेली माणसं दे.' झालं."

"लग्न जुळवायचं ऑफिस काढ," मी म्हटलं. ती इतकी हसली की निवडलेली भाजी कचऱ्यात गेली.

मग आमचा दादा गोदामात शिडीवरून पडला. पोटात रक्तस्राव. त्याचा गट असा की हजारोंत एखाद्याचा. माझं रक्त जुळेना, ताईचं जुळेना. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत रक्त आणा. त्याशिवाय मी हात लावू शकत नाही." वहिनी भिंतीला टेकून खालीच बसली.

ताई मात्र शांत होती. "हातपाय गाळू नका. आपल्याकडे या गटाचं एक घर आहे. घड्याळवाले. ते गेले बिचारे, पण त्यांच्या मुलीचाही हाच गट. तेव्हा लहान होती, आता अठराची झाली असेल."

मी तिच्यासोबत पेढीत गेले. तिने प्रश्न टाकला. उत्तर रिकामं आलं. वयाची अट काढली. रिकामं. गटाची अट काढून घड्याळवाल्यांची मुलं मागितली, तर घड्याळवालेच नाहीत. ताईचा हात माउसवरच राहिला.

"अगं बोल ना, काय झालं?"

"मीच घालवली तिला," ती म्हणाली.

झालं होतं ते असं. घड्याळवाले वारल्यावरही त्यांच्या नावाने पेढीचे मेसेज जातच राहिले, 'रक्तदानाची वेळ झाली.' त्यांच्या बायकोचा फोन आला. रडत होत्या. "मेलेल्या माणसाला कशाला बोलावता हो?" ताईचा जीव कळवळला. तिने तेव्हाच्या तेव्हा त्यांना दात्यांच्या मूळ यादीतून काढलं. पण मुलगी मूळ यादीत नव्हतीच. लहान म्हणून ती फक्त वडिलांच्या मुलांमध्ये जोडलेली. तिच्यापर्यंत जायची वाट एकच, आणि ती बापावरून जाणारी. या डेटाबेसचा नियम असा की मूळ यादीपासून ज्याच्यापर्यंत वाट नाही, त्याला सफाईचा प्रोग्राम पुसून टाकतो. कुणाला विचारत नाही. त्यांचा पत्ता आणि फोनही तसाच गेला.

"मग जुनी प्रत काढ!"

"तिच्यावरच नवी घेतात. जागा नाही म्हणे."

"आग लागो तुमच्या जागेला!" मी अशी ओरडले की पलीकडच्या खोलीतली नर्स धावत आली.

बाकीच्या पेढ्यांना ताईने एकेक करून फोन लावले. सगळीकडून एकच शब्द, नाही. मी घड्याळाचं दुकान शोधत गेले. तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली. मालक म्हणाला, "दुकान विकून गेले ते. कुठे, कोण जाणे." समोरच्या चष्मेवाल्याला विचारलं, शिंप्याला विचारलं, रस्त्यात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं. एक बाई म्हणाली, "मुलगी ना? कुरळ्या केसांची? बघितली होती की गेल्या आठवड्यात बाजारात." मी तिचे दंड धरले. "कुठे राहते? सांगा ना हो!" तिला माहीत नव्हतं. पोरगी याच गावात हिंडत होती, भाजी घेत होती, आणि आम्हाला ती सापडेना.

सकाळ झाली. दादा दुपारी गेला.

ताईने रजा घेतली नाही. घरी बसले तर वेड लागेल, म्हणाली. जेवत नव्हती, म्हणून डबा घेऊन मीच पेढीत जायचे आणि समोर बसून तिला चार घास खायला लावायचे. कुणाशी भांडायचं त्राण मला उरलं नव्हतं.

असाच एक दिवस दारात एक मुलगी आली. कुरळे केस, खांद्याला पिशवी. "रक्त द्यायचंय. माझे बाबा इथे यायचे. घड्याळं दुरुस्त करायचे ते." माझ्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडलं.

"मला वाटलं, अठरा झाल्यावर तुम्ही बोलवाल," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, आपलं रक्त फार कमी जणांचं असतं, बोलावणं आलं की हातातलं काम टाकून जायचं. मी किती दिवस फोन बघत होते."

ताईने तिला खुर्ची दिली. नाव विचारलं, नंबर विचारला, आणि सगळ्यात आधी तिला मूळ यादीत घेतलं, स्वतःच्या नावाने. मला तर ओरडून विचारावंसं वाटत होतं त्या पोरीला, अगं, काय तू, कुठे होतीस!

मुलीने बाही वर केली आणि जरा घाबरतच विचारलं, "मधल्या काळात कुणाला लागलं नाही ना हो? माझ्यामुळे कुणाचं अडलं नाही ना?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतं. तिने टेबलाखालून माझा हात घट्ट धरला.

"नाही गं बाळा," ती म्हणाली. "कुणालाच नाही."