कुंकू लावलेली डिस्क

३ ऑक्टोबर २००६. दसऱ्याचा दुसरा दिवस. आर्णीच्या वाचनालयात मी संगणकाच्या टेबलावरची झेंडूची फुलं झाडत होते. गावोगावच्या ग्रंथपालांना बंजाऱ्यांच्या गोरबोलीतली ध्वनिमुद्रणं संगणकावर जपायला शिकवणं हे माझं काम. दुपारी वाचनालय समितीचे अध्यक्ष ती ऐकायला येणार होते. ऐकवता आली नाहीत, तर वर्ग बंद.

फुलांखाली त्या ध्वनिमुद्रणांची हार्डडिस्क सापडली. वायर लावायच्या खाचेत ओलं कुंकू आणि तांदूळ. पुसून जोडली, तर संगणकाला दिसेना.

"दसऱ्याले अवजारं पुजतेत ना मॅडम," इथली ग्रंथपाल म्हणाली. "हे बी अवजारच. थोडंसंच पाणी शिंपडलं मी."

ती बंजारा तांड्यावरची. दिवाळीच्या रात्री मुली दिवे घेऊन घरोघर म्हणतात ती गाणी तिनेच तांड्यातल्या बायांकडून रेकॉर्ड केली होती. तिचा चेहरा पडला.

"दुसरी प्रत?"

"फुलसावंगीले. दोन प्रती एका गावात ठेवू नका, तुमीच सांगतलं होतं."

तिथल्या ग्रंथपालाला फोन लावला. "भाऊ, तुम्हीही पूजा केली का?"

"केली ना. काहून?"

"डिस्कची?" मी विचारलं.

"कपाटाची केली," तो म्हणाला. "डिस्क तपासायच्या दिवशीच काढाची, असा तुमचाच नियम हाय."

कापसाने भरलेल्या बैलबंड्यांतून वाट काढत तो मोटरसायकलवर डिस्क घेऊन आला, तेव्हा अध्यक्ष येऊन बसले होते.

"कापसाले भाव नाही, अन् तुमी गाणे कायले जपून राह्यले?" ते म्हणाले.

मी माउसला हात लावला नाही. तिनेच आधी नव्या डिस्कवर प्रत काढली, फुलसावंगीच्या प्रतीशी ताडून पाहिली, ठिकठिकाणी ऐकून खात्री केली. अध्यक्षांना तिनं तोवर थांबवून ठेवलं. मग गाणी लावली. अध्यक्ष शेवटचं गाणं संपेपर्यंत हलले नाहीत.

"पुढच्या वर्गाले अजून गावं घ्या," उठताना ते म्हणाले. "अन् पूजा कशाची कराची, तेबी शिकवा."

आम्ही तिघंही हसलो. वर्ग टिकला होता, आणि तो माझ्या विद्यार्थ्यांनी टिकवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून घट्ट झाकणाचा डबा आणला, नवी डिस्क त्यात ठेवली आणि कुंकवाची वाटी तिच्या हातात दिली. तिनं कुंकवाचं बोट झाकणावर टेकवलं.