रिकाम्या बाकांची हजेरी

सईला दुसरीतच ठेवायचं, असं एप्रिलमधल्या एका शनिवारी ठरलं. आज खडूचा वास आला आणि हर्सूलची ती शाळा आठवली.

त्या शनिवारी माझी गतिमंद लेक सई रिकाम्या बाकांसमोर उभी राहून हजेरी घेत होती. वर्गातलं एकेक नाव क्रमानं उच्चारायची, थांबायची, मग मान हलवायची. जणू कुणी ‘हजर’ म्हणत होतं.

“वरच्या वर्गात जाऊ द्या, ताई. मैत्रिणींचं बघूनच शिकते ती,” बाई म्हणाल्या.

“पण अक्षरं कुठं येतात तिला?” म्हणत मी तिला दुसरीतच ठेवायच्या अर्जावर सही केली.

जूनमध्ये नव्या मुलांत तिचं नाव पुकारलं, की सई दाराकडं बघायची. जणू त्या नावाची मुलगी अजून यायची होती.

सई जाऊन दोन वर्षं झाली. अर्जाची प्रत माझ्याकडं आहे.