आईची शाल आणि गुरुजींचं मनगट

जपानमध्ये सहा महिने राहून मी एका बहात्तर वर्षांच्या गृहस्थांचं मनगट धरायला शिकत होतो, आणि ते मला जमलं नाही.

हे गृहस्थ म्हणजे आमचे मार्शल आर्टचे गुरुजी. मी शेंद्र्यातल्या कंपनीतून लांब रजा काढून त्यांच्याकडे गेलो होतो. परत येऊन चिकलठाण्यात स्वतःचा क्लास काढायचा बेत होता. बेत कसला, बोर्ड लावूनच गेलो होतो! 'मुख्य प्रशिक्षक : मिलिंद' असं लाल अक्षरांत, आणि शेजारी हवेत लाथ मारतानाचा माझा फोटो. (पाय खरं तर फोटोवाल्याच्या स्टुलावर होता. स्टूल त्यानं नंतर कॉम्प्युटरवर पुसलं.) पण क्लास काढायला गुरुजींचं परवानगीपत्र हवं, आणि त्यांच्या शाळेची रीत अशी, की निरोपाच्या दिवशी जाणाऱ्या शिष्यानं गुरुजींचं मनगट धरायचं आणि बाकीच्यांनी पाच आकडे मोजेपर्यंत सोडायचं नाही. टिकलं तर पत्र. सुटलं तर पुढच्या वर्षी या. आणि पुढच्या वर्षी मला रजा कोण देणार होतं?

शेवटच्या आठवड्यात आई आली. तिथले बुद्धविहार दाखवतो असं मी तिला कबूल केलं होतं. आई अंगणवाडीतून निवृत्त झालेली, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. येताना तिनं गुरुजींसाठी आपल्या इथली हिमरू शाल आणली होती.

"आई, गुरुजी कुणाकडून काही घेत नाहीत. शाळेचा नियम आहे," मी आधीच सांगितलं.

"आसंल नियम. पोराला सहा महिने शिकवलं, त्या मानसाला रिकाम्या हातानं निरोप द्यायचा व्हय?"

"ते नको म्हणतील."

"म्हनू दे की. पहिल्यांदा समदेच नको म्हनतेत."

निरोपाच्या दिवशी सगळी शाळा गुडघ्यांवर ओळीनं बसली. आई कोपऱ्यात, मांडीवर पिशवी घेऊन. मला तीन संधी होत्या. पहिल्या वेळी मी झेप घेतली, मनगट गच्च धरलं आणि खाली पाहिलं तर ते माझंच होतं. दुसऱ्या वेळी गुरुजींनी हात नुसता फिरवला आणि मी भिंतीपाशी पोचलो. मागं वळलो तर तोपर्यंत मोजणीसुद्धा सुरू झाली नव्हती. तिसऱ्या वेळी ते किंचित गुडघ्यांत वाकले. पुढचं मला छत दिसतं, तिथपासून आठवतं.

"पुढच्या वर्षी या," गुरुजी अगदी मायेनं म्हणाले. मला रडू यायचं तेवढं राहिलं होतं. चिकलठाण्यातला बोर्ड डोळ्यांपुढं नाचत होता.

"झालं का रं?" कोपऱ्यातून आई म्हणाली. "दिऊ का आता शाल?"

मी पडल्यापडल्या हातानं नको नको केलं. पण आई उठली होती.

"जय भीम, गुरुजी," म्हणत तिनं शाल पुढं केली. गुरुजींनी कमरेत वाकून नम्रपणे नकार दिला. तिथं त्याला नकार म्हणतात. आमच्याकडं ती सुरुवात असते. आईनं डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

"आसं नाय चालत. घ्या."

गुरुजींनी हात फिरवला, मला भिंतीपाशी पाठवणारा तोच. आईही त्यांच्याबरोबर फिरली, पण मनगट सोडलं नाही. (चाळीस वर्षं नणंदांना साड्या देताना तिनं हेच केलंय. सिल्लोडची एसटी सुटल्यावर खिडकीतून आत्याच्या पिशवीत ब्लाउजपीस कोंबताना मी तिला या डोळ्यांनी पाहिलंय.) गुरुजी दोन पावलं मागं सरले. आई दोन पावलं पुढं.

"लई भारी नाय हो, साधीच हाय. थंडीची कामाला यील."

ओळीतल्या कुणीतरी सवयीनं मोजायला सुरुवात केली. "इची... नी..." हळूहळू सगळेच मोजू लागले. गुरुजींच्या कपाळावर मी पहिल्यांदा घाम पाहिला. तीन झाले, चार झाले. मग त्यांनी गुडघे वाकवून तो छत दाखवणारा शेवटचा डाव टाकला.

"बसून घेता का? बसा, बसा," म्हणत आई त्यांच्यासोबत खाली बसली आणि उजव्या हातानं शाल त्यांच्या खांद्यावर टाकून मोकळी झाली.

"गो!" सगळी शाळा ओरडली. गो म्हणजे पाच!

जी शाळा सहा महिन्यांत कधी खोकली नव्हती, ती टाळ्या वाजवत उभी राहिली. शालीतले गुरुजी पोट धरून हसत होते. माझी छाती अभिमानानं फुगली होती आणि कान लाजेनं तापले होते. गुरुजींनी विचारलं, "यांचे गुरू कोण?"

मी आईला विचारलं.

"गुरू कोन आसनार? आमच्या सासूबाई. त्यांच्या हातून मला येकदाबी सुटता आलं नाय."

मी ते जपानीत सांगताच गुरुजी आईपुढं कपाळ जमिनीला टेकेपर्यंत वाकले. मग त्यांनी कागद मागवून कुंचल्यानं पत्र लिहिलं. मला ती लिपी वाचता येत नाही, म्हणून ओळीत माझ्या शेजारी बसणाऱ्या केन्जीनं वाचून दाखवलं : क्लास काढायला परवानगी आहे. मुख्य प्रशिक्षक, आई. मदतनीस, मुलगा. अट एकच, मुलानं आईकडं शिकणं चालू ठेवावं.

"काय लिव्हलंय?" आईनं विचारलं.

"क्लासला परवानगी मिळाली."

"मंग तोंड का पाडलंस?"

आता आमचा क्लास जोरात चालतो. पोरीबाळी, सुना, दोन निवृत्त शिक्षक, सगळे आईकडं शिकतात आणि मी सतरंज्या घालतो. शेवटची परीक्षा आईच्या स्वयंपाकघरात होते. जेवायला बसायचं, पोट भरल्यावर आई मनगट धरते, आणि पाच आकड्यांच्या आत हात सोडवून वरची भाकरी नाकारायची. आजवर नऊ जण पास झाले. मी रोज दोन्ही वेळच्या जेवणाला परीक्षेला बसतो, आणि माझा काळा पट्टा आता कमरेला पुरत नाही.